पाखराच्या पायातली तार

पाखरं धरायच्या परवानगीचा आज शेवटचा दिवस होता, आणि सकाळचे आठ वाजायच्या आतच कस्तुराबाईंचं डोकं तापलं होतं.

पहाटे पाचला त्या नातीबरोबर शेतात आल्या तोवर सगळं ठीक होतं. अपेक्षानं ज्वारीच्या कडेला बांबू रोवून जाळ्या ताणल्या. जाळी इतकी बारीक, की उजाडल्यावरही दिसू नये. पाखरू अलगद त्यात अडकायचं. मग अपेक्षा ते सोडवायची, पंख मोजायची, वजन करायची, पायात आकडे कोरलेली ॲल्युमिनियमची कडी घालायची आणि सोडून द्यायची. गेल्या फेब्रुवारीत याच शेतात तिनं तीस भारीटांना अशा कड्या घातल्या होत्या. भारीट म्हणजे चिमणीएवढं, पिवळ्या पोटाचं, काळ्या डोक्याचं पाखरू. ज्वारी भरली की थव्यानं उतरतं आणि उन्हं तापली की पार इराणापलीकडं निघून जातं.

त्या तिसांतलं एक तरी यंदा पुन्हा हातात यायला हवं होतं. चार दिवस झाले, एकही आलं नव्हतं.

अपेक्षाला ते तिच्या प्रबंधासाठी हवं होतं. कस्तुराबाईंचं दुखणं निराळं होतं. चौतीस वर्षं राणीसावरगावच्या शाळेत त्या पोरांना सांगत आल्या होत्या, की तीच पाखरं त्याच रानात परत येतात. बहात्तरच्या दुष्काळात रानात कणीस नव्हतं, तरी थवा आला होता. उघड्या ढेकळांवर दोन घिरट्या घालून बांधावरच्या बाभळीवर मुकाट बसून राहिला होता. हे त्यांनी या डोळ्यांनी पाहिलेलं. पण गेल्या वर्षी अपेक्षाचे सर आले, आणि ज्वारीची भाकरी मोडता मोडता हसून म्हणाले, "आजी, पाखरं येतात हे खरं. पण तीच येतात कशावरून?"

तो ‘कशावरून’ वर्षभर त्यांच्या दाढेत हरभऱ्याच्या सालीसारखा अडकून बसला होता. त्याच्यापायी त्यांनी यंदा ज्वारीची चार तासं, म्हणजे चार ओळी, काढूच दिली नव्हती. एके काळी माळावर उभं राहिलं की गंगाखेडच्या वाटेपर्यंत कणसंच कणसं दिसायची. आता जिकडंतिकडं ऊस. ही चार तासं आणि शेजारच्या धम्मानंदाचा तुकडा सोडला, तर पाखरांनी उतरावं तरी कुठं?

साडेसातला थवा बाभळीवर आला. अपेक्षानं दुर्बीण डोळ्यांना लावली आणि आजीचा दंड धरला.

"आजी, एकाच्या पायात चकाकतंय. आपलीच कडी!"

आणि तेवढ्यात शेजारच्या रानातून तेलाचा रिकामा डबा ढणाढणा वाजला. "हाऽऽ हुर्रर्र!" थवा उठला, रानाला वळसा घालून दिसेनासा झाला.

"धम्मानंद!" कस्तुराबाई ओरडल्या.

नेमकी तेव्हाच धम्मानंदाची आई, सरजाबाई, चहाची किटली घेऊन बांधावरून येत होती. दोघी चौथीपर्यंत एका वर्गात. पुढं कस्तुराबाई मास्तरीण झाल्या आणि सरजाबाईचं लग्न झालं. पण सरजाबाईनं त्यांना ‘अहो-जाहो’ कधी केलं नाही. अपेक्षा लिंबाखाली पहिल्या जाळीतली दोन पाखरं मोजत बसली होती. लांबच्या जाळीपाशी कुणी तरी हवं होतं.

"सरजे, हितं बस. पाखरू अडकलं तर हाक मार. हात लावू नको."

"बरं मास्तरीणबाई," असं म्हणत सरजाबाई पाय पसरून बसली.

कस्तुराबाई बांध ओलांडून गेल्या तेव्हा धम्मानंद राखणीच्या माळ्यावर गोफण घेऊन उभा होता. पन्नाशीचा बाप्या, पण बाईंना बघून त्यानं डबा पाठीमागं लपवला.

"काल काय कबूल केलं होतंस? सकाळी एकदम गप म्हणालास ना?"

"बाई, मी तुमच्या पाखराला कुठं हाकललो? माज्या ज्वारीतल्या पाखराला हाकललो."

"ती तीच पाखरं आहेत रे!"

"मग त्यास्नी सांगा की, तुमच्या रानात बसा म्हनून. तुमच्यात खायला फुकट, वर पायात दागिने घालायल्यात. माज्याकडं कशाला येतेत?"

"दुपारपर्यंत डबा वाजवायचा नाही."

"दुपारपर्यंत रान साफ हुतंय, बाई. काम येळच्या येळी करावं, हे तुमीच शिकिवलं हाय."

आपलंच शिकवलेलं आपल्याच अंगावर येतं तेव्हा माणसाला दुप्पट चीड येते. अर्धा तास हुज्जत घालून कस्तुराबाई शेवटी त्याचा डबाच काखेत मारून परत निघाल्या. "गोफण तरी राहू द्या!" असं तो माळ्यावरून ओरडत होता.

जाळीपाशी सरजाबाई निवांत पान चघळत होती. जाळी रिकामी.

"अडकलं का काही?"

"अडकलं हुतं की एक."

"मग हाक का नाही मारलीस?"

"मारली. तू तिकडं माज्या लेकाला बोलायलीस, तुला काय ऐकू येतंय? पाखरू लय धडपडायलं बिचारं. दिलं सोडून."

"हात लावू नको म्हणाले होते ना मी?"

"तुजी पोरगी सकाळधरनं हात लावायलीय, ते चालतंय. आन ते नुसतं जाळीत न्हवतं अडकलं. त्याच्या पायात तार रुतली हुती."

कस्तुराबाईंनी काखेतला डबा खाली ठेवला. "कसली तार?"

"एवढीशी. गोल आवळलेली. कुन्या मुडद्यानं फास लावला आसंल. काढून टाकली."

"कशानं काढलीस?"

सरजाबाईनं कमरेची चंची सोडली आणि अडकित्ता दाखवला. "टोकानं, हळूच. पायाला वरखडा सुद्दा न्हाई उठला. भुर्रकन गेलं बघ."

कस्तुराबाई मटकन डब्यावर बसल्या. डबा ढणकन वाजला. आवाज ऐकून अपेक्षा धावत आली आणि सगळं ऐकून रडकुंडीला आली.

"अहो सरजाआजी, ती कडी आम्हीच घातली होती. तिच्यावर आकडे होते, पत्ता होता!"

"हुतं कायतरी इंग्रजीत. पाखरू येतंय राणीसावरगावला, आन पत्ता लिवायचा इंग्रजीत? मराठीत लिवला आसता तर मी वाचला नसता का?"

कस्तुराबाईंचा संताप आणखीच वाढला. "टाकलीस कुठं?"

"हितंच."

हितं म्हणजे काळ्या रानात. माघातल्या उन्हानं जमीन उलली होती. एकेका भेगेत मनगट जाईल. त्यात ज्वारीची धसकटं, वाळला पाला आणि नखाच्या टवक्याएवढी कडी. तिघी गुडघ्यांवर बसल्या. धम्मानंदानं माळ्यावरून विचारलं, "बाई, काय हारवलं? नाकातली फुली का?" आणि उत्तराची वाट न बघता तोही खाली उतरून शोधायला लागला. काय शोधायचं हे त्याला कळायला दहा मिनिटं गेली. तेवढ्या वेळात त्यानं दोन खिळे, एक बटण आणि बाटलीचं एक बूच शोधून काढलं होतं.

उन्हं चढली. अपेक्षानं जाळ्या गुंडाळल्या.

"आजी, संध्याकाळी परत लावू. येईल ते परत."

"येईल ग. पण त्याच्या पायात आता आहे काय? तेच आलं हे म्हणायचं कशावरून?" आणि सरांचा शब्द आपल्याच तोंडून निघाला हे लक्षात येताच त्यांनी धसकटाला एक लाथ मारली. धसकट जागचं हललं नाही. अंगठा मात्र ठणकला.

सरजाबाई दमून बांधावर टेकली. तिनं सुपारी काढून अडकित्त्यात धरली. दाबली. पुन्हा दाबली.

"ह्येला काय झालं ग? मिटंना झालाय."

कस्तुराबाईंनी झडप घालून अडकित्ता ओढून घेतला. दोन पात्यांच्या मध्ये, खिळ्यापाशी सरकून, कसलंसं पांढरं काही तरी दाबून बसलं होतं. अपेक्षानं पदराची पिन मागून ते हळूहळू उचकटलं, तळहातावर घेतलं आणि वर भिंग धरलं. कडीचा अर्धा तुकडा होता. त्यावर ५१२४ एवढे आकडे होते. पुढचा आकडा अडकित्त्यानं खाल्ला होता.

तिनं वही उघडली. गेल्या वर्षीच्या कड्या ५१२३१ ते ५१२६०. तीसही याच शेतात घातलेल्या. त्यातली एकही दुसरीकडं वापरलेली नव्हती.

"आजी," ती हळू आवाजात म्हणाली, "आलं परत. इथंच आलं."

कस्तुराबाई वहीवर वाकल्या. "पण कुठलं?"

"चाळीस ते एकोणपन्नास. दहातलं एक."

गेल्या वर्षी त्यांनी स्वतःच्या तळहातावरून एक सोडलं होतं. त्याच्या कडीवर शेवटी सत्तेचाळीस होते. क्षणभर ते उडालंच नव्हतं. मुठीएवढी ऊब हातात बसून राहिली होती. "शेवटचा आकडा कुठंय?"

"भेगेत."

तिघांनीही सरजाबाईकडं पाहिलं.

"मला काय बघायल्यात? निम्मा तरी ठिवलाय की मी!"

अपेक्षानं छापील अर्ज काढला. कडी मिळाल्याची जागा, तारीख, वेळ भरली. मग तिचं पेन थांबलं. "कडी मिळवणाऱ्याचं नाव," तिनं वाचलं आणि आजीकडं पाहिलं.

चौतीस वर्षं घसा कोरडा कुणी केला, चार तासं ज्वारी कुणी सोडली, पाच दिवस थंडीत कोण कुडकुडलं, हे सगळं कस्तुराबाईंच्या ओठांवर आलं. सरजाबाई तिकडं शांतपणे चुना मळत होती.

"तिचंच लिही," त्या तडकून म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचं लिहिणार आहेस?"

"पूर्न लिव्ह ग बाई," सरजाबाई म्हणाली, "मालकाच्या नावासकट."

"आणि ‘कडी कशी मिळाली’ तिथं काय लिहू? इथं शिकार, मांजर, अपघात एवढंच आहे."

"खरं आहे ते लिही." कस्तुराबाईंनी डबा उचलून धम्मानंदाच्या हातात आदळला. "आणि अडकित्त्याचा ‘कि’ ऱ्हस्व काढ. सर वाचणार आहेत."