तुम्ही म्हणाल तसं

हरिहररावांचा लोकशाहीवर भारी विश्वास. डोंबिवलीचं घर विकून ठाण्यात बाळकुमच्या टॉवरमध्ये जायचं की नाही, हे ठरवायला त्यांनी रविवारी पोहे झाल्यावर सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. ज्याने त्याने मोकळेपणाने बोलावं, असं बजावून ते स्वतःच इतका वेळ बोलले की चहा गार झाला. इथे केमिकलचा वास असला तरी माणसं आपली आहेत. तिथे वरच्या मजल्यावर कोणी मेलं तरी शेजारी दार उघडणार नाही. तेव्हा जायचं नाही!

"तुम्ही म्हणाल तसं," त्यांची बायको हेमा म्हणाली. मुलगा सलिल आणि सून आसावरी, दोघांनीही माना डोलावल्या. एकमताने ठरलं, म्हणून हरिहरराव खूश झाले.

तेवढ्यात आसावरीने सासूला विचारलं, "आई, तिकडे देव्हारा ईशान्येला मावेल ना?"

"मावतो गं. मी टेप लावून बघून आले."

"अगं, आत्ता काय ठरलं आपलं?" हरिहरराव कडाडले.

"तुम्ही म्हणाल तसंच होणार," हेमा रिकाम्या बशा गोळा करत शांतपणे म्हणाली. "तुम्ही 'हो' कधी म्हणताय, एवढीच वाट बघतोय आम्ही."