तिघांत एक खर्रा

लाखनीला हायवेलगत चार मजली दवाखाना उभा राहत होता आणि तिथे अंकुश समन्वयक होता. म्हणजे तीन ठेकेदारांनी एकमेकांना द्यायच्या शिव्या आधी त्याने ऐकायच्या. सळईवाला धनीराम, वायरिंगवाला जागेश्वर, नळवाला कुलदीप. तिघांचे शेड वेगळे, चहा वेगळा, सुपारी-तंबाखू घोटून केलेला खर्राही वेगळा. ज्याच्यावर कोर्टात केस टाकली त्यालाही इकडचा माणूस खर्रा विचारतो. हे तिघे विचारत नव्हते.

"आज स्लॅब झाला नाही, तर उद्यापासून येऊ नका," असं हेड ऑफिसच्या रीना मॅडमनी अंकुशला सकाळीच फोनवर सांगितलं होतं.

अंकुश वर चढला, तर धनीराम सळईच्या दोन्ही जाळ्या बांधून मोकळा झालेला. जागेश्वरचे वायरचे पाइप त्या दोन्हींच्या मधून जायचे होते, ते कोपऱ्यात पडलेले. कुलदीपने संडासाच्या पाइपासाठी सोडलेली जागाही सळईने बुजवलेली.

"खोल जाळी," जागेश्वर म्हणाला.

"काल कुठं मेला होता?"

"तुह्या माणसानं शिडी नेली ना बे."

"शिडी माही आहे."

"अन् संडास?" कुलदीपने विचारलं. "पेशंट तुह्या घरी जातीन काय?"

"ऐका ना भाऊ," अंकुश म्हणाला.

"तू चूप ना बे, साहेब," तिघे एकदम म्हणाले.

साइटवर तिघांचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ. अंकुशने ते नीट ऐकून घेतलं. मग खिशात हात घालून, कधी न बोललेल्या पुस्तकी मराठीत म्हणाला, "स्लॅब रद्द. काँक्रीटच्या गाड्या परत पाठवतो. नागपूरहून माणसं आणू. इकडच्या लोकांना हे काम झेपत नाही."

तिघेही त्याच्याकडे वळले.

"इकडच्या लोकायले?" धनीराम म्हणाला. "तू बी इकडचाच, कोंढ्याचा ना बे?"

"याचा बाप आमच्या बांधावर बैल चारे," कुलदीप म्हणाला.

"गाडी परत गेली, तर तुलेच स्लॅबमध्ये गाडतो," जागेश्वर म्हणाला आणि धनीरामसोबत जाळी सोडवायला बसला. कुलदीप पाइप धरून उभा राहिला. शिडी ज्याला लागली त्याने नेली.

दिवस मावळायच्या आत स्लॅब झाला. धनीरामने खर्रा घोटला, दोघांना दिला आणि उरलेल्या खर्र्याची पन्नी अंकुशच्या नाकासमोरून नेत खिशात घातली.

"टीम जमली म्हणायची," मॅडम फोनवर म्हणाल्या. "आता वरचे मजलेही असेच होऊ द्या."

"हो मॅडम."

खाली तिघांचं शिडीवरून पुन्हा भांडण सुरू झालं होतं. अंकुश सिमेंटच्या पोत्यावर टेकला. गावाचा अपमान आज करून झाला होता. पुढच्या स्लॅबला सासुरवाडी काढावी, की सरळ त्यांच्या शेतातल्या धानालाच नावं ठेवावीत?