इटलीचे माप घेणारा खोका

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठ्याचा खोका आहे. माझ्यात काय आहे, असे मात्र विचारू नका. काही नाही. आयुष्याची बरीच वर्षे मी रिकामाच काढली आहेत. तरीसुद्धा हैदराबादच्या मलकपेठेत राहणाऱ्या भिवाजी आणि विमलाबाई यांच्या घरात मला जो मान मिळाला, तो त्यांच्या नव्या फ्रिजलाही मिळाला नाही. तो कसा मिळाला, ते आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म रद्दीतून झाला. कुणाच्या उत्तरपत्रिका, कुणाच्या लग्नपत्रिका, शिळी वर्तमानपत्रे असे सगळे पाण्यात भिजवून त्याचा लगदा केला, तो लाटला, वाळवला, आणि माझा पुठ्ठा तयार झाला. माझ्या पोटात एक मिक्सर बसवून कारखान्याने मला हैदराबादच्या कोठी बाजारातल्या एका दुकानात पाठवले. तिथे भिवाजी मला भेटले. ते तेव्हा काचीगुडा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कामाला होते. मिक्सर चालवून दाखवल्यावर दुकानदार मला कोपऱ्यात भिरकावणार, तेवढ्यात भिवाजी म्हणाले, "नक्को भई, डब्बा होना."

खोका हवा! मित्रांनो, मला कुणी मागून घेतल्याची ती पहिलीच वेळ होती.

मराठी घरांत कोणत्याही नव्या वस्तूचा खोका टाकत नाहीत, हे मला नंतर कळले. "असू दे, लागतो," असे म्हणून तो ठेवून देतात. कशाला लागतो, ते कुणालाच ठाऊक नसते. मी मात्र खरोखरच लागलो. विमलाबाई बरकतपुऱ्यातल्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवायच्या. शाळेच्या प्रदर्शनासाठी भिवाजींनी त्यांना एक ज्वालामुखी करून दिला होता. मध्ये पत्र्याचा डबा, भोवती चिकणमाती आणि भुसा, वरून काळा रंग. हा डोंगर माझ्यात बसवून, मला सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधून ते शाळेत पोचवत. डब्यात सोडा आणि लाल रंगाचे व्हिनेगर ओतले की फसफसून लाव्हा बाहेर यायचा आणि मुले टाळ्या पिटायची. परतीच्या वाटेवर तो लाव्हा माझ्या अंगावर सांडायचा. माझ्या डाव्या बाजूचा लाल डाग तेव्हाचा आहे.

दरवर्षी एखादे तरी पोर विचारायचे, "बाई, तुम्ही खरा ज्वालामुखी बघितलाय?"

"नाही रे. अजून नाही," असे बाई म्हणायच्या आणि इटलीच्या नकाशावर बोट ठेवून व्हेसुव्हियस कुठे आहे ते दाखवायच्या. त्या 'अजून'वर त्यांचा आवाज जरा हलका व्हायचा. मला तो ओळखू यायचा.

मग दोघेही निवृत्त झाले. रेल्वेची चाळ सुटली आणि मलकपेठेत दोन खोल्यांचा फ्लॅट झाला. माझी रवानगी माळ्यावर झाली. माळ्याला इथे सज्जा म्हणतात, पण नाव बदलल्याने अंधार कमी होत नाही. खाली मिक्सरने मान टाकली, तो भंगारात गेला, नवा आला, आणि मी आपला वरच. झुरळांनी माझ्यात संसार थाटला. एका उंदराने माझा कोपरा चाखून पाहिला आणि सोडून दिला, याचे मला जरा वाईटच वाटले. चौदा एप्रिलच्या जयंतीआधी घराची साफसफाई निघाली की त्यांची मुलगी रेणुका मला खाली ओढायची.

"आई, मिक्सर जाऊन जमाना झाला. हा खोका तरी टाकू?"

"असू दे. लागतो."

मी पुन्हा वर जायचो. पण खरे सांगू? 'लागतो' या शब्दावरचा माझा विश्वास उडत चालला होता.

अशात विमलाबाईंचे गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यानंतर ऑपरेशन करू, पण मग पुढे बरेच दिवस चढ-उताराचे नाव काढायचे नाही. रेणुका एका खाजगी दवाखान्याच्या हिशेब विभागात नोकरी करते. त्या दिवशी ती घरी आली, चप्पलही काढली नाही आणि म्हणाली, "आई, ऑपरेशनच्या आधी इटली. आपण तिघं. मी ठरवलंय."

आता ठरवणे सोपे असते. तिकीट काढणे अवघड असते. रोज संध्याकाळी चहाचा कप निवत राहायचा आणि रेणुका मोबाइलवर विमाने धुंडाळत बसायची. तिचे बोलणे माळ्यावर मला स्वच्छ ऐकू यायचे. मे महिना तिने पहिल्याच दिवशी उडवला, कारण मे महिन्यात अर्धा भारत युरोपात असतो म्हणे. फेब्रुवारीत गर्दी कमी आणि भावही कमी. शनिवार-रविवारपेक्षा मधला वार बरा. हैदराबादहून निघण्यापेक्षा मुंबईहून निघून, आखातात विमान बदलून रोमला उतरणे परवडत होते.

"मुंबईपर्यंत माझ्या रेल्वेच्या पासवर जाऊ की," भिवाजी हळूच म्हणाले. त्या दिवशी त्यांना इतका आनंद झाला होता की त्यांनी चहा स्वतः केला.

समोरच्या फ्लॅटमधल्या शोभाताई मूळच्या पुण्याच्या, सून-मुलगा आयटीत. त्यांनी तारीख ऐकली आणि कॅलेंडर बघून गालावर हात ठेवला. "अहो विमलाबाई, त्या दिवशी अमावस्या आहे! म्हणूनच स्वस्त असेल."

विमलाबाई खळखळून हसल्या. "शोभाताई, अमावस्येला चंद्र दिसत नाही, एवढंच मी मुलांना शिकवलं. विमान तर दिसेल ना?"

शोभाताईही हसल्या, आणि जाताना आपली कानटोपी देऊन गेल्या.

घोडे अडले ते सामानावर. त्या स्वस्त तिकिटात माणशी एकच छोटी बॅग नेता येत होती, तीही ठरलेल्या मापाची, हातातून विमानात न्यायची. मोठी बॅग घ्यायची तर जाता-येता वेगळे पैसे. ते जवळजवळ एका माणसाच्या तिकिटाएवढे होत होते, आणि रेणुकाने साठवलेल्या पैशात बसत नव्हते.

"आधी सामान मावतं का बघू, मग तिकीट काढू," रेणुका म्हणाली. "तिकीट काढून बसलो आणि एअरपोर्टवर बॅग अडली, तर सगळं बजेट गेलं."

"पण बॅगाच नाहीत, तर मावतं का ते बघणार कशात?" विमलाबाईंनी विचारले.

भिवाजींनी मान वर करून माळ्याकडे पाहिले. "खोका हाय ना."

मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही. त्यांनी मला खाली काढले, झुरळे झटकली, ओल्या फडक्याने पुसले. मग रेणुकाने मापे सांगितली, आणि भिवाजींनी टेप लावून, पेन्सिलीने रेघ मारून, भाजीच्या सुरीने माझी उंची कापली. दुखले. खोटे कशाला बोलू? पण कापलेली बाजू त्यांनी तपकिरी चिकटपट्टीने इतकी नीट बांधली की मी पूर्वीपेक्षा ताठ उभा राहिलो. आता माझे माप आणि त्या विमानातल्या बॅगेचे माप एकच होते. माझ्यात मावेल ते इटलीला जाणार होते.

रविवारी सकाळी परीक्षा सुरू झाली. पहिली रेणुकाची पाळी. तिने कपड्यांच्या वळकट्या करून भराभर रचल्या आणि माझे झाकण टपकन बंद झाले. ते काढून मग विमलाबाईंचे सामान आले. स्वेटर, लोकरीचे मोजे, गुडघ्याचे पट्टे, शोभाताईंची कानटोपी. जरा दाबावे लागले, पण मावले.

"माझं मी भरतो," म्हणत भिवाजी मला आतल्या खोलीत घेऊन गेले.

त्यांनी भरायला सुरुवात केली आणि मी चक्रावलो. ज्वारीच्या पिठाची पिशवी. त्यांना साखरेचा त्रास आहे, म्हणून भाकरीशिवाय चालायचे नाही, हा विमलाबाईंचा हट्ट होता. त्यावर विजेची छोटी शेगडी, कारळाची चटणी, सकिनालूंचा, म्हणजे इकडच्या तांदळाच्या चकल्यांचा डबा. मग विमलाबाईंची जाड शाल, त्यांची शेकायची पिशवी, रेणुकाचा रेनकोट. एक गोष्ट मात्र मला शेवटपर्यंत दिसली नाही, आणि मी ओरडून सांगूही शकत नव्हतो. खोक्याला तोंड असते, पण आवाज नसतो.

बाहेर आणल्यावर झाकण लागेना. रेणुकाने दाबले, गुडघा टेकवला, माझी बाजू करकरली. तरी चांगले चार बोटे अंतर राहिले.

"नाही मावत बाबा," ती खचून म्हणाली.

भिवाजी जणू त्याचीच वाट बघत होते. "हौ ना. मग असं करा, तुम्ही दोघी जा. माझ्या तिकिटाच्या पैशात मोठी बॅग घ्या. आणि पीठ तर माझ्यासाठीच ना? मीच नाही आलो तर पीठ कायकू लागतंय? जागाच जागा! मी पासवर मुंबईपर्यंत येतो, तुम्हाला विमानात बसवतो आणि परत येतो." एवढे बोलून, दूध आणतो म्हणत ते जिना उतरून गेलेसुद्धा.

 रेणुका मोबाइलकडे नुसतीच बघत राहिली. विमलाबाई माझ्याजवळ खाली बसल्या आणि एकेक वस्तू बाहेर काढू लागल्या, मोकळ्या जागेत काही बसते का ते बघायला. शाल काढली. डबा काढला. शेगडी काढली. पीठ काढले. मग त्यांचा हात माझ्या तळाला लागला आणि तिथेच थांबला.

"रेणू, ह्यांचा सदरा कुठंय?"

रेणुका वाकली. माझ्यात भिवाजींचा एक सदरा नव्हता. स्वेटर नव्हता. साधा हातरुमालसुद्धा नव्हता. बॅग भरायच्या आधीच त्यांनी स्वतःला वगळले होते. पोरीच्या कष्टाच्या पैशात आपला वाटा नको, म्हणून तो माणूस हसतहसत घरी राहायला निघाला होता. विमलाबाईंचे डोळे भरले. दोन थेंब माझ्या पुठ्ठ्यावर पडले आणि आत जिरले.

भिवाजी दूध घेऊन आले तेव्हा सगळे सामान जमिनीवर पसरलेले होते.

"अहो, तुमचे कपडे कुठे आहेत?" बाईंनी वर्गात विचारावे तसे विचारले.

भिवाजी पिशवीशी चाळा करू लागले. "अगं, मी मातीचा बघितलाय ना. केलाय पण मीच. मला तेवढं बस झालं."

"तुम्ही केलात म्हणून तर!" विमलाबाईंचा आवाज फुटला. "सायकलवर वाहून आणलात वर्षानुवर्षं. त्याच्यावर मी शाबासक्या मिळवल्या. आता खरा बघायची वेळ आली, तर मी एकटीनं बघू? मला नाही बघायचा तसा."

"बाबा, पैसे माझे आहेत ना? मग कुणावर घालायचे ते मी ठरवणार," रेणुका म्हणाली. "आणि पिठाचं तुम्ही बोलूच नका. आमच्या दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ मॅडमना मी विचारलंय. तिथं डाळी मिळतात, भाज्या मिळतात, आपण घेणार त्या खोलीला किचन आहे. आठ दिवस भाकरी नसली तरी चालेल. तुम्ही नसलात तर नाही चालणार."

भिवाजी मान खाली घालून दुधाची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिले. विमलाबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू आतल्या कपाटापर्यंत गेल्या. येताना भिवाजींचे दोन सदरे, पँट आणि राखाडी स्वेटर घेऊन आल्या. माझ्या तळाशी त्यांनी ते कपडे हाताने सपाट करत, एकावर एक ठेवले. वर त्यांची औषधे ठेवली.

"आता बघा, उरलेल्या जागेत काय मावतं ते," त्या म्हणाल्या.

शाल मावली. चटणी मावली. सकिनालू पिशवीत घालून अर्धे मावले, उरलेले भिवाजींनी तिथेच खायला घेतले. पीठ आणि शेगडी घरी राहिली. आणि मित्रांनो, माझे झाकण लागले! कुणी दाबलेसुद्धा नाही.

रेणुकाने त्याच जागी बसून तिकिटे काढली. नावे भरताना ती मोठ्याने वाचत होती, आणि तिसरे नाव आले तेव्हा भिवाजींनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. पुढच्याच आठवड्यात मला रिक्षात घालून ती कोठीला घेऊन गेली. माझ्यात घालून बघितल्याशिवाय तिने एकही बॅग घेतली नाही. चाके बाहेर राहतात म्हणून चार बॅगा मी नापास केल्या. बॅगवाला मला हात जोडायचा बाकी होता.

आज घरात कुणी नाही. काल रात्रीच्या गाडीने तिघे मुंबईला गेले. निघण्याच्या गडबडीत मला माळ्यावर ठेवायचे राहून गेले, म्हणून मी दारापाशीच बसून आहे. इटली कशी असते, ते मला कधी कळणार नाही. डोंगराच्या बऱ्याच वरपर्यंत बस जाते आणि पुढचा चढ हळूहळू चालायचा असतो, एवढे मी ऐकले आहे. बाई चालतील. हात धरायला माणूस बरोबर आहे.

तुम्हीही कधीतरी लांबच्या प्रवासाला निघाल. स्वस्त तिकीट शोधाल, छोटी बॅग घ्याल, आणि जागा कमी पडेल. ती पडतेच. तेव्हा आधी सामान बाहेर काढा. आणि मित्रांनो, एवढे माझे ऐका. बॅग बंद करण्यापूर्वी एकदा तळापर्यंत हात घालून बघा, तिच्यात तुमच्या बाबांचा सदरा आहे ना.