लग्नाचं कासव

एझेरिनाने काठीने कासवाच्या विष्ठेचा गोळा उलटवला आणि डोक्याचा रुमाल सोडून नाकाशी धरला. आत पांढरे जंत वळवळत होते, शिजलेल्या शेवयांसारखे एकमेकांत गुंतलेले. आंबूस वाफ थेट तोंडावर आली.

"फेर्दिनां, बघ! हे तुझ्या लेकीच्या लग्नाचं जेवण!"

नवरा कुंपणाशी आला, वाकला आणि बाजूला थुंकला.

"पपईच्या बिया चारते," ती म्हणाली. "सगळी घाण झडून जाईल."

"खबरदार! परवा मुलाचा काका कासव बघायला येतोय. त्याच्यासमोर झडली तर? आतलं आतच राहू दे. हे पूर आधी."

लिझिया जन्मली त्याच आठवड्यात हे कासव दारात आलं होतं. पोरीबरोबर वाढवायचं आणि तिच्या लग्नात कापून पाहुण्यांना घालायचं, ही बेटावरची रीत. नको म्हणायचा मान फक्त मुलाकडच्यांचा; बापाने चुकवलं तर पोरीला सासरी जन्मभर टोमणे. हल्ली लिझियाला घास उतरत नव्हता. संध्याकाळी ती कासवाच्या गळ्याखाली बोटं फिरवत बसे आणि ते धूड मान लांबवून डोळे मिटे. एझेरिना तिकडे पाठ करून भांडी घासे.

फ्लोरां काका आला तो पोटावर हात फिरवतच.

"वहिनी, रस्सा तुमचा, पण कलेजी माझी हं! आधीच सांगून ठेवतो."

कवचावर थाप मारून तो मागची मांडी चाचपायला वाकला. कासवाने पाय ताणले. पचकन आवाज झाला आणि हिरवा-काळा लगदा त्याच्या नव्या बुटांवर पसरला. लगदा हलत होता. एक जंत त्याच्या मोज्यावर चढला.

फ्लोरां तिथेच भडभडून ओकला.

"आई मरिये! हे खायला घालणार होतात आम्हाला?"

"मान खाली गेली माझी," फेर्दिनां टोपी चुरगाळत म्हणाला. "पण रीत आहे, दादा. चांगलं उकळून..."

"उकळून तूच खा! डुक्कर काप, नाहीतर मासे घाल. हे जनावर पानात दिसलं तर पाहुणे उठून जातील, मी सांगतो!"

बूट झाडत, शिव्या देत तो गेला. स्वयंपाकघराच्या दारात लिझिया दोन्ही हात तोंडावर दाबून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

एझेरिना श्वास रोखून फावड्याने घाण ओढू लागली. जंतांच्या गुंत्यात काळ्या, बुळबुळीत बिया चमकत होत्या. चांगल्या मूठभर. तिने लेकीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. टोपी चुरगाळणाऱ्या त्या बोटांच्या नखांत केशरी गर सुकून बसला होता.

फेर्दिनांने हात खिशात घातला.

तिने पहिलं फावडं माती बियांवर टाकली.

"शी! साबणाने हात धू," ती म्हणाली. "दोनदा धू. त्याच हातांनी जेवायला बसशील."

रविवारचं स्तोत्र बेसूर गुणगुणत तो पिंपाकडे गेला.