चष्म्यातली खिडकी

ढापणी हे नाव तिला पहिलीत चिकटलं आणि असं काही पक्कं बसलं की एकदा हजेरी घेताना खुद्द बाईंच्या तोंडून तेच निघालं. नववीत आल्यापासून तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. उलट वर्गात सगळ्यांच्या आधी उत्तर ठोकून, नाकावरून घसरलेला चष्मा एका बोटाने वर सारून ती अशी काही बघायची, की चिडवणाऱ्याचीच बोलती बंद! ही सगळी ऐट घरी आली की मात्र चपलांशेजारी काढून ठेवावी लागे. घरात ती बघायला होतंच कोण?

पुढे लाँड्री, मागे दोन खोल्या. बाबा दिवसभर वाफेच्या इस्त्रीशी झुंजायचे आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडचे शब्द संपलेले असायचे. "जेवलीस?" "हो." झाला संवाद! आई दोन वर्षांपासून दूरच्या देशात, एका वृद्धाश्रमात नोकरीला. दर रविवारी चार वाजता तिचा व्हिडिओ कॉल यायचा. लाँड्रीतल्या स्टार्चच्या डब्याला फोन टेकवून ढापणी समोर बसायची.

"कशी आहेस गं?"

"मजेत!"

"खरंच?"

"खरंच गं, आई."

"तुझ्या चष्म्यात नुसती खिडकी दिसते बघ. एका काचेत खिडकी, एका काचेत फोन. डोळे कुठे गेले माझ्या पोरीचे?"

ढापणी हसायची. खिडकी दिसतेय तेच बरं, असं तिला वाटायचं. तिच्या मागे लपून 'मजेत' म्हणणं सोपं होतं.

पण गेल्या रविवारी आई म्हणाली, "इथले लोक विचारतायत, अजून दोन वर्षं राहणार का. पुढच्या सोमवारी सही करायची आहे. तू काय म्हणतेस?"

"तू ठरव," ढापणी म्हणाली. मागून बाबाही म्हणाले, "तू ठरव." घरातली दोन्ही माणसं एकाच वेळी इतकी समजूतदार निघाली, की आईला पुढे बोलायला काही उरलंच नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी नंबर तपासायला गेल्यावर चष्मेवाल्या मावशींनी विचारलं, "अँटीग्लेअर का नाही बसवत गं? दिव्याची तिरीप काचेवरून उसळत नाही, फळ्यावरचं नीट दिसतं, स्क्रीनपुढे बसलीस तरी काच चमकत नाही. आणि लोकांना तुझे डोळे दिसतात. इतके छान डोळे, उगाच कोंडून ठेवलेत!"

डोळे दिसतात! तोंडाने आईला 'ये' म्हणायचं नाही, हे ढापणीने पक्कं ठरवलं होतं. पण डोळ्यांनी म्हटलं, तर तो काही आपला गुन्हा नाही. रविवारी आईला डोळे दिसायलाच हवेत.

"बसवा," ती म्हणाली.

शुक्रवारी त्याच फ्रेममध्ये नव्या काचा आल्या. मावशींनी दम भरला, "शर्टाच्या टोकाने पुसायचं नाही. गार पाणी, साबणाचा एक थेंब, मग हे मऊ फडकं. काच खाली करून ठेवायचं नाही. आणि उष्णतेपासून लांब! वरचा थर नाजूक असतो, पोळला की संपला."

ढापणीने मान डोलावली. घरी येऊन आरशासमोर उभी राहिली, तर काय, काचा आहेत की नाहीत तेच कळेना! इतक्या वर्षांनी स्वतःचे डोळे समोर बघून ती जराशी लाजलीच.

मावशींचा दम तिने ऐकला होता. बाबांनी कुठे ऐकला होता?

रविवारी ती अंघोळीला गेली आणि लेकीला आज आईसमोर बसायचंय म्हणून बाबांनी चष्मा हाती घेतला. लाँड्रीवाल्याला स्वच्छता एकाच रीतीने येते. कढत पाणी, कपड्यांची पावडर, आणि वर चांगली दोन मिनिटं वाफ.

"हे घे! शाईचा डाग असता तरी निघाला असता," ते म्हणाले. कितीतरी दिवसांत ते एवढं मोठं वाक्य बोलले नव्हते.

ढापणीने चष्मा उजेडात धरला. दोन्ही काचांवर आटलेल्या तळ्यासारख्या बारीक बारीक भेगांचं जाळं पसरलं होतं. डोळ्यांवर चढवला, तर सगळं जग धुकट.

बाबांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "पावडर कमी पडली का गं?"

"नाही बाबा," ती म्हणाली. "मस्त झालाय." आणि मग आत जाऊन तिने उशीत तोंड खुपसलं.

चार वाजले. फोन वाजला.

"हे काय गं? आज तर तुझ्या चष्म्यात ढगच आलेत!" आई म्हणाली. "बरं, उद्या सही आहे माझी. कशी आहेस?"

'मजेत' जिभेच्या टोकावर आलंच होतं. ढापणीने दोन्ही हातांनी चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला, काचा वर करून.

आई नाहीशी झाली. फोनच्या जागी नुसता एक उजळ डाग उरला. नाक, कपाळ, हसू, काहीच नाही. ढापणी त्या डागाकडे डोळे मोठे करून बघत राहिली.

मागे इस्त्री फुसफुसायची थांबली होती.

"आई, आहेस ना? मला दिसत नाहीयेस तू."

"आहे." मग बऱ्याच वेळाने, "बघू दे जरा."

"तू रडतेयस का?"

"छे गं. सर्दी झालीये."

हे ऐकून ढापणीला धक्काच बसला. अगदी आपल्या 'मजेत'सारखाच सूर!

"सही नाही करत मी," डाग म्हणाला. "तीन महिने नोटीस द्यावी लागेल. तेवढे काढशील?"

"काढीन."

कॉल संपल्यावर ढापणी मोरीत गेली. नळ सोडला, गार. साबणाचा एकच थेंब. बोटांनी हलकेच चोळून चष्मा धुतला, झटकला, मऊ फडक्याने टिपला. भेगा होत्या तिथेच होत्या. दारात बाबा उभे होते, पुढे यावं की नाही या विचारात.

"असं धुवायचं असतं, बाबा," ती म्हणाली. "या, दाखवते."