बोगद्याच्या दाराशी बसलेली बाई

मी पंखा बोलतोय. पण पंखा म्हटल्यावर लगेच वर छताकडे बघू नका. मी लटकणाऱ्यांपैकी नव्हे. मी जमिनीत बोल्ट मारून बसवलेला, हातानं फिरवायचा पंखा. बिडाचं गोल पोट, त्याला एका बाजूला लांब दांडा आणि दुसऱ्या बाजूला भिंतीत गेलेला जाड नळ. दांडा फिरवला की मी बाहेरची हवा ओढतो आणि आत सोडतो. तेवढंच मला येतं, आणि त्याचा मला अभिमान आहे.

मुळात मी लोहाराच्या भट्टीवरचा. निखाऱ्यांवर फुंकर घालायची, ठिणग्या उडताना बघायच्या, गिऱ्हाइकांच्या गप्पा ऐकायच्या, असे माझे सुखाचे दिवस होते. मग लढाई सुरू झाली. विमानं येऊन शहरावर बॉम्ब टाकू लागली, तेव्हा लोकांना लपायला टेकडीच्या पोटात हा बोगदा खणला. आत माणसं मावत होती, पण हवा पुरत नव्हती. मग लोहारानं मला आपल्या हातानं भट्टीवरून उचकटलं आणि हातगाडीवर घालून इथं आणून बसवलं. एरवी त्याचं तोंड कधी मिटायचं नाही. त्या दिवशी मात्र "सांभाळ रे सगळ्यांना" एवढंच म्हणाला आणि गेला.

बोगदा लांबलचक. दोन्ही भिंतींना बाकं. भोंगा वाजला की सगळे जीव मुठीत धरून धावत यायचे आणि जो तो अगदी आतल्या टोकाला जागा पकडायला बघायचा, कारण तिथं सर्वांत सुरक्षित. माझा नळ बाहेर जायचा म्हणून मी दाराजवळ. इकडे कुणी आपणहून बसत नसे. बॉम्ब जवळ पडला तर पहिला धक्का दारालाच बसणार, हे लहान पोरांनाही ठाऊक होतं.

देखरेखीला एक गृहस्थ नेमले होते. त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्यांना शिट्टीवाले म्हणत. त्यांनी नियम केला, की प्रत्येकानं आपापल्या पाळीला मला फिरवायचं. शिट्टी वाजली की माणूस बदलायचा. सुरुवातीला मोठा उत्साह होता. हेडमास्तरांनी कोट काढून ठेवून मला फिरवलं, शिंप्यानं फिरवलं. पण लवकरच एकेकाचं अंग दुखू लागलं. कापडाच्या व्यापाऱ्याचा हात तर नेमका त्याच्या पाळीलाच लचकायचा.

आणखी एक गंमत सांगतो. विमानांना खालचा आवाज ऐकू जातो, अशी लोकांची पक्की समजूत होती. त्यामुळे आत सगळा कारभार कुजबुजत चालायचा. भांडणंसुद्धा कुजबुजतच! माझा दांडा कुरकुरायचा, म्हणून कुणीतरी माझ्यात डोक्याचं तेल ओतलं. आयुष्यात पहिल्यांदाच मला सुगंध आला.

त्या समजुतीपायीच ती बाई माझ्याजवळ आली. ती लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून द्यायची. नवरा लढाईवर गेलेला. बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी आणि इस्त्रीच्या कपड्यांच्या टोपलीत तान्हा मुलगा. तो मुलगा रडायचा, आणि रडायचा म्हणजे असा, की बोगद्याचे कान किटायचे.

"अहो बाई, गप्प करा त्याला. वर ऐकू जाईल!"

"करतेय हो, भुकेला नाही, काही नाही. अंधाराला घाबरतोय."

"मग दाराशी जाऊन बसा. एका पोरासाठी सगळ्यांनी मरायचं का?"

कुणीही मध्ये पडलं नाही. हेडमास्तरांनी चष्मा पुसला. ती उठली, टोपली उचलली, मुलीला हाताशी धरलं आणि माझ्याशेजारी येऊन बसली. माझा मात्र एक गुण तिथं कामी आला. माझी घरघर ऐकताच पोर एकदम गप्प झालं आणि झोपी गेलं. शिट्टी वाजली, फिरवणारा बदलायला मी थांबलो, तसा त्यानं पुन्हा टाहो फोडला. दोन-तीनदा असं झाल्यावर ती बाई उठली आणि म्हणाली, "द्या इकडे, मीच फिरवते."

झालं! लोकांना तेवढंच हवं होतं. पुढच्या वेळेपासून भोंगा वाजला की ती आणि मी, मी आणि ती. "करू दे, तिला सवय आहे कामाची," असं व्यापारी म्हणायचा. शिट्टीवाल्यांनी तर शिट्टी खुंटीला लावली. एक हात भरून आला की ती दुसऱ्या हातानं फिरवायची. विमानं जाईपर्यंत थांबायची सोय नव्हती. मी हलकं फिरायचा प्रयत्न करायचो. पण बीड ते बीड, हलकं होऊन किती होणार?

लढाई संपली त्या दिवशी सगळे ओरडत बाहेर पळाले. ती वाकून टोपली उचलायला गेली आणि तिला उचलता येईना. पुन्हा वाकली. खांद्यापासून दोन्ही हात वरच होईनात. शेवटी चिमुरड्या मुलीनं भावाला कसंबसं कडेवर घेतलं आणि तिघं उजेडात गेली. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

मग दार विटांनी बंद झालं. त्या काळाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अंधार होता आणि गंज होता.

पुढे खूप वर्षांनी विटा काढल्या, दिवे लावले, मला हिरवा रंग फासला आणि माझ्या पोटावर "हात लावू नये" अशी पाटी लावली. आता तिकीट काढून लोक येतात. डोक्यावर पिवळी टोपी घालून एक तरुण गाईड मुलगी त्यांना फिरवते. ती भोंग्याचं रेकॉर्ड वाजवते, क्षणभर दिवे घालवते. त्या क्षणभरातही कुणाला दम निघत नाही, लगेच मोबाइलचा उजेड. माझ्यापाशी आली की तिचं ठरलेलं वाक्य असतं. "हा पंखा लहानथोर सगळे पाळीपाळीनं फिरवायचे. सगळे एका कुटुंबासारखे राहायचे." तिची चूक नाही, तिला तसंच शिकवलंय. आणि कुटुंबासारखे हे तर खरंच आहे. कुटुंबातसुद्धा सगळी कामं एकीवरच टाकतात.

परवा एका गटाबरोबर एक म्हातारी बाई आणि एक म्हातारा माणूस आले. गट पुढे गेला, पण बाई माझ्यापाशीच थबकल्या.

"बाळ, इथं बस जरा."

तो बाळ चांगला टक्कल पडलेला, तोंडात कवळी. तो वैतागून म्हणाला, "ताई, चल ना. सगळे गेले पुढे."

"जाऊ देत. आई इथं बसायची."

"आईचं काढू नकोस. त्यासाठी आणलंस का मला?"

"त्यासाठीच आणलं. तू नेहमी म्हणतोस ना, आईनं तुला कधी उचललं नाही म्हणून?"

"मग खोटं आहे का? तुला मिरवलं तिनं कडेवर. माझा गुडघा फुटला तेव्हा शेजारच्या काकूंनी उचललं मला. आई नुसती उभी होती. नुसती उभी, ताई!"

मी ओळखलं. माझ्या शेजारी टोपलीत झोपायचा तोच हा! आणि ती मुलगी ही. मला केवढा आनंद झाला, पण मी तो दाखवणार कसा?

ताईंनी त्याला सगळं सांगितलं. रडणं, दाराशी बसणं, माझी घरघर, आईचे कायमचे निकामी झालेले खांदे. तो बाकावर बसून ऐकत राहिला. ऐकून रडेल असं मला वाटलं होतं, पण त्याला संताप आला.

"तुला ठाऊक होतं? आणि आयुष्यभर गप्प बसलीस?"

"तिनं शपथ घातली होती रे. म्हणाली, पोराला ओझं वाटेल."

"आणि ती आजारी होती, मी आलो नाही, तेव्हा? तेव्हा तरी तोंड उघडायचं होतंस!"

"उघडणार होते. तिनंच नको म्हटलं. म्हणाली, कीव येऊन आलेला मला नको. आपणहून आला तर येऊ दे."

तो तडक उठला आणि माझा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. तेवढ्यात गाईड मुलगी त्यांना शोधत आली. "आजोबा, हात नाही लावायचा हं त्याला."

"अगं, याच्या आईनं फिरवलाय हा पंखा," ताई म्हणाल्या. "सबंध लढाईभर. एकटीनं."

"एकटीनं? पण पाळीपाळीनं…" मुलगी अडखळली. मग तिनं त्या दोघांकडे पाहिलं आणि पाटीकडे पाठ करून उभी राहिली, एवढं मात्र खरं.

त्यानं जोर लावला. गंजामुळे मी जेमतेम अर्धा फेरा फिरलो. तेवढ्यात त्याच्या खांद्यात कळ आली. धापा टाकत तो बाकावर बसला आणि खूप वेळ आपले तळहात बघत राहिला. मग एकदम लहान मुलासारखा म्हणाला, "ताई, फिरवताना ती माझ्यावर चिडायची का गं? काय म्हणायची?"

"मला नाही रे माहीत," ताई म्हणाल्या. त्यांना आता रडू आवरत नव्हतं. "घरघर सुरू झाली की मलाही झोप लागायची."

दोघं एकमेकांचा हात धरून हळूहळू निघून गेली. मुलगी त्यांच्या मागे गेली. आणि मी इथं बोल्ट मारलेला! उत्तर फक्त मला माहीत होतं. तिचं कुजबुजणं इतकं हळू असायचं, की माझ्याशिवाय कुणाच्या कानावर ते पडणंच शक्य नव्हतं.

तुम्ही बोगदा बघायला येता, हिंडता, माणसांना भेटता. म्हणून तुम्हाला सांगून ठेवतो. ती चिडायची. व्यापाऱ्यावर चिडायची, शिट्टीवर चिडायची, माझ्यावर तर फारच. "मेल्या, किती जड आहेस!" म्हणून मला हाणायची. पण टोपलीकडे बघून बोलताना तिचा आवाज बदलायचा. म्हणायची, "झोप माझ्या सोन्या. हा हात दमला तर तो आहे. आणि दोन्ही दमले, तरी मी आहे ना."

हे त्याला कुणीतरी सांगा. त्याचंही आता वय झालंय, लवकर सांगा.