सात नंबरचं पाणी

सात नंबरचं व्हायोलिन ऐन रंगात आलं होतं, तेवढ्यात रेकॉर्डिंगमधून हाक ऐकू आली, "पाणी आलं गोऽऽ!" पाठोपाठ बादल्यांचा खडखडाट. संघमित्राला ती हाक ओळखीची वाटली.

दादरच्या त्या बंद खोलीत तिघं परीक्षक होते. गुरुदत्त सर, मेघना आणि शाळेत व्हायोलिन शिकवणारी संघमित्रा. परदेशी शिकायची शिष्यवृत्ती एकालाच मिळणार होती. पोरांनी ऑर्केस्ट्राची साथ मोबाईलवर लावून घरीच कन्सर्टो वाजवून पाठवले होते. नावं झाकलेली, फक्त नंबर. वादक ओळखीचा वाटला, तर परीक्षकाने तसं सांगायचं आणि ते रेकॉर्डिंग बाद, असा नियम.

ही हाक तर घोडपदेवच्या सुंदराबाईंची! त्यांच्या चाळीत व्हायोलिन होतं एकाच घरात, संघमित्राच्या भावाच्या, विकासदादाच्या. म्हणजे ही मानसी, तिची भाची. पोरीला गज धरायला तिनेच शिकवलं होतं. सांगावं तर पोरीच्या तोंडचा घास जातो, गप्प बसावं तर आपलंच मन आपल्याला खातं. इकडे आड, तिकडे विहीर. संघमित्रा गप्प बसली, आणि मनाची समजूत घालायला चुका तेवढ्या शोधू लागली. सापडल्याही. शोधायला बसलं की त्या सापडतातच.

"संघमित्राताई, दहापैकी किती?" सरांनी विचारलं.

"चार."

"चार?" मेघना चमकली. "अहो, काय सुरेख वाजवलंय!"

"घाई आहे जरा," संघमित्रा पुटपुटली. सात नंबर मागे पडला.

चहाच्या सुट्टीत तिने जिन्यात येऊन मानसीला फोन लावला. काय बोलायचं, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

"आत्या, रागवू नको हां," मानसीच आधी बोलली. "मी रेकॉर्डिंग पाठवलंच नाही. मध्येच सुंदराबाई ओरडली ना, पाणी आलं म्हणून. सगळी वाट लागली. मी बोलली, असलं काय पाठवायचं त्या लोकांना?"

संघमित्रा पायरीवरच बसली. गिरणगावात पाणी काय एकाच चाळीत येतं? चाळ तिथे सुंदराबाई! दुसऱ्या कोणाच्या तरी लेकराने ती हाक न लाजता तशीच ठेवली होती, आणि तिने नात्याची शिक्षा त्या परक्या लेकराला दिली होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

आत येऊन ती उभ्याउभ्याच म्हणाली, "सर, सात नंबर परत लावा. मी वाजवणं ऐकलंच नाही. माझी भाची आहे असं वाटलं म्हणून गप्प राहिले, वर मुद्दाम गुण कमी दिले. ती नव्हतीच."

गुरुदत्त सरांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे तुमचे गुण आता धरता यायचे नाहीत. कोणालाही दिलेले. आणि पुढच्या वर्षी बोलावणंही..."

"कळतंय सर. पण ते पोर मागे राहायला नको."

"नाही राहणार," मेघना म्हणाली.

सरांनी रेकॉर्डिंग लावलं. संघमित्रा परीक्षकांच्या टेबलाशी गेली नाही, दाराजवळच्या खुर्चीवर बसली. हाक आली, बादल्या वाजल्या. त्या खडखडाटात गज कुठेही थबकला नव्हता. मघाशी तिला हे ऐकूच आलं नव्हतं.